लेकाच्या वहीत उरलेली माय

१९०७ साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. गावोगावचे कवी आणि रसिक रेल्वेने येऊन दाखल झाले. धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हणून सभा जिंकली. अध्यक्षस्थानी असलेल्या डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली आणि पुढे महाराष्ट्राने त्याला त्याच नावाने ओळखले. जळगावाला कवितेचे कौतुक काही नवे नव्हते. नारायण नरसिंह फडणीस हे १८८७ पासून याच गावातून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक काढीत होते. मराठी कवितेच्या नकाशावर जळगावचे नाव ठळक झाले होते.

त्याच गावात, त्याच काळात, एका शेतकरी घरातील सत्तावीस वर्षांची सून पहाटे जात्यावर बसून स्वतःची गाणी रचीत होती. त्याच वर्षी तिच्या पोटी सोपान नावाचा मुलगा जन्मला. तिला अक्षरओळख नव्हती. कविसंमेलनाला जमलेल्या मंडळींना तिचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज त्या संमेलनातील बालकवी आणि आणखी दोन-चार नावे सोडली, तर बाकीची नावे फक्त अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्या निरक्षर सुनेच्या ओळी मात्र शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ती सून म्हणजे बहिणाबाई चौधरी.

संत तुकारामांच्या शिष्या असलेल्या सतराव्या शतकातील संत बहिणाबाई वेगळ्या आणि खानदेशच्या या बहिणाबाई वेगळ्या. यांना ना गुरू लाभला ना संप्रदाय. शेत, घर, गोठा आणि जाते हीच त्यांची शाळा, आणि पोटचा मुलगा व एक नातलग हेच त्यांचे लेखनिक. त्यांची कविता महाराष्ट्राला मिळाली ती त्या दोघांनी जे ऐकले ते टिपून ठेवले म्हणून. या आयुष्याची कहाणी त्यामुळे एका कवयित्रीची आहे, तशीच एका घराने आपल्या आईला उशिरा का होईना ओळखल्याचीही आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालच्या नागपंचमीचा. जन्मगाव असोदे, जळगावपासून सहा-सात किलोमीटरवरचे. वडील उखाजी महाजन, आई भीमाई. घरात तीन भाऊ आणि तीन बहिणी, कुटुंब लेवा समाजातील कष्टाळू शेतकऱ्याचे. काळीभोर जमीन, कपाशी आणि ज्वारीची पिके, विहिरीवरची मोट, अंगणातील बैल आणि देवळातील भजन असे ते जग होते. त्या काळी मुलीला शाळेत घालण्याचा विचार असोद्यासारख्या गावात कोणाच्या मनात येत नसे. पण गावात शिक्षणाची दुसरी वाट होती. कीर्तनात ऐकलेल्या कथा, आई-आजीच्या तोंडच्या ओव्या, आखजीची आणि कानबाईची गाणी, म्हणी आणि उखाणे हे सारे मुलींच्या कानांवरून जाई आणि ज्यांची स्मरणशक्ती तल्लख असे त्यांच्याजवळ कायमचे राही. बहिणाबाईंची स्मरणशक्ती विलक्षण होती. त्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले पुढे साठ-सत्तर वर्षे विसरले गेले नाही.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे येथे होते. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्व खानदेशचा कारभार जळगावहून आणि पश्चिम खानदेशचा धुळ्याहून चालू लागला. कापसाच्या व्यापारामुळे जळगाव वाढत होते, रेल्वे होती, सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने उभे राहत होते. पण चौधरींच्या वाड्यातील सुनेच्या वाट्याला आलेले जळगाव म्हणजे चूल, गोठा आणि शेताची वाट. माहेर तासा-दीड तासाच्या चालीवर होते. तरी सासरवाशिणीला ते अंतर फार मोठे असे, कारण तिथे जायला कोणाची तरी परवानगी लागे आणि मुळात निमित्त लागे.

खानदेशात असे सर्वांत मोठे निमित्त म्हणजे आखजी, म्हणजेच अक्षय्य तृतीया. पेरणीपूर्वीच्या त्या मोकळ्या दिवसांत लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात आणि चार दिवस पोरीबाळींचे राज्य असते. बहिणाबाईंनी या आखजीवर गाणे रचले आणि माहेर हा तर त्यांच्या कवितेचा कायमचा ओलावा राहिला. एका रचनेत त्यांनी माहेराची ओढ पाहून आश्चर्य करणारा एक योगी आणि सासरवाशीण समोरासमोर उभे केले आहेत. माहेर इतके प्रिय असेल तर सासरी जातेस कशाला, असा त्या विरक्ताचा प्रश्न. तिचे उत्तर असे, की उद्या आपल्या मुलीलाही यायला माहेर हवे, आणि ते उभे राहावे म्हणूनच आई सासरी पाय रोवून राहते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी जे निमूटपणे केले त्याचे कारण इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

सासरचे दिवस कष्टाचे होते. पहाटे दळण, मग पाणी, शेण, झाडलोट, भाकरी आणि त्यानंतर दिवसभर शेत. पावसाच्या तोंडावर पेरणी, मग निंदणी, कापणी, खळ्यावर मळणी आणि वारा सुटला की उपणणी. खानदेशी बोलीत मळणीला रगडणी म्हणतात. बहिणाबाईंच्या रचना वाचताना शेतीचे सबंध वर्ष डोळ्यांसमोरून सरकते, कारण यांतील जवळजवळ प्रत्येक कामावर त्यांनी गाणे रचले आहे. ही निसर्गवर्णने बांधावर उभे राहून केलेली नाहीत. उपणताना वाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय हे ज्याने सूप हातात धरले आहे त्यालाच कळते. मोटेच्या दोन फेऱ्यांत बैलांना किती दम लागतो हे नाडा धरणाऱ्यालाच ठाऊक असते. त्यांच्या प्रतिमा अशा हाताला घट्टे पडून आलेल्या आहेत.

त्या काळाने खानदेशावर मोठी संकटे आणली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी कोरडवाहू शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. दुसरा दुष्काळ संवत १९५६ मधला, म्हणून छप्पनचा काळ या नावाने तो जुन्या माणसांच्या बोलण्यात कित्येक वर्षे राहिला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग रेल्वेच्या रुळांवरून आणि बाजाराच्या वाटांवरून गावोगाव पसरला. माणसे गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहू लागली. चौधरी कुटुंबालाही या साथीचा तडाखा बसला. बहिणाबाईंचा मुलगा ओंकार याला प्लेगने कायमचे अपंगत्व आले.

त्याहून मोठा घाव १९१० साली बसला. नथुजी गेले. बहिणाबाई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुले. सोपान जेमतेम तीन वर्षांचा. तरुण वयात वैधव्य आलेल्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे हे वेगळे सांगायला नको. कपाळ, मनगट, सणवार, शुभकार्यातील जागा या सगळ्यांवर एका दिवसात काट मारली जाई. त्याच वेळी तिच्यावरचे काम मात्र तसूभरही कमी होत नसे. बहिणाबाईंनी आपले दुःख रडगाणे होऊ दिले नाही. दारात आलेल्या जोतिषाला त्या एका रचनेत परत पाठवतात. आपल्या हातावरच्या रेषांखाली काय दडले होते ते आपण सोसून वाचले आहे, आता ते दुसऱ्याने सांगायची गरज नाही, असा त्या नकाराचा अर्थ आहे. त्यात हुंदका आहे, पण त्याहून अधिक ताठ कणा आहे. पतीमागे चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी घर सांभाळले, शेतात राबल्या आणि मुले वाढवली.

या सगळ्या वर्षांत गाणे मात्र थांबले नाही. त्यांची कविता रचली जाण्याची रीत समजून घेतली म्हणजे तिचे स्वरूप उलगडते. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. खुंटा धरून पाळे फिरवताना अंगाला एक लय लागते. घास टाकायचा, फेरा घ्यायचा, पुन्हा घास टाकायचा. या लयीवर ओवी आपोआप बसते. बहिणाबाईंच्या रचना बहुतेक ओवीच्या अष्टाक्षरी वळणात आहेत. एका चरणात आठ अक्षरे, असे चार चरण, आणि दुसऱ्या व चौथ्या चरणाला जुळणारे यमक. इतका आटोपशीर साचा कागदाशिवाय लक्षात ठेवायला सोपा असतो आणि काम करता करता पुढची ओळ सुचायला सवड देतो. घरोटावरही त्यांचे गाणे आहे. स्वतःच्या कवितेचे श्रेय त्यांनी सरस्वतीला दिले, पण ती सरस्वती त्यांच्या गाण्यात माय होऊन येते आणि लेकीला बोली शिकवते. पुस्तकातून न मिळालेले ज्ञान कोठून आले, याचे त्यांच्यापुरते उत्तर हे होते.

त्यांचे विषय घरातलेच. संसाराचा दाह त्यांनी तव्याच्या आणि भाकरीच्या दाखल्याने सांगितला. मनाच्या स्वैरपणाला त्यांना उपमा सुचली ती हाकलून दिले तरी उभ्या पिकाकडे वळणाऱ्या गुराची. झाडाला लोंबणारे सुगरणीचे घरटे पाहून हात नसलेल्या पाखराच्या कसबाचे त्यांना नवल वाटले. जळगावातील छापखान्यावरही त्यांनी गाणे केले. छापून निघालेला कोरा कागद शहाणा होतो आणि माणूस मात्र आहे तसाच राहतो, असा त्यातला टोला आहे. वाचता न येणाऱ्या बाईने छापील अक्षराकडे इतक्या मोकळेपणाने पाहावे, त्याचे मोल मानावे आणि तरी त्याला भुलू नये, ही समज थोर म्हटली पाहिजे. माणसाच्या कृतघ्नपणावर आणि स्वार्थावर त्या कडक बोलल्या, पण उपदेशाचा सूर कधी लावला नाही. घरातील वडीलधारी बाई भाकरी थापता थापता जसे चार शब्द सुनावते, तसा तो सूर आहे.

या रचनांची भाषा हा त्यांच्या आयुष्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. खानदेशची बोली म्हटली की अहिराणी असे सरसकट म्हटले जाते. धुळे, नंदुरबार आणि त्याला लागून असलेल्या भागात अहिराणीचे राज्य आहे हे खरे. पण जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील लेवा समाजाच्या घरात बोलली जाणारी लेवा बोली वेगळी आहे आणि तिचे वऱ्हाडीशी जवळचे नाते आहे. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून जळगावचे जयगाव आणि डोळ्याचा डोया होतो. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, आणि मला, तुला याऐवजी माले, तुले म्हटले जाते. बहिणाबाई याच बोलीत बोलल्या आणि याच बोलीत गायल्या. शाळेत ज्या उच्चारांना अशुद्ध म्हणून हसले जाई, त्याच उच्चारांत मराठीतील काही सर्वांत अर्थगर्भ कविता घडत होती आणि ती घडते आहे याची शाळेला खबर नव्हती.

खबर होती ती घराला. धाकटा सोपान मोठा झाला, शिकला आणि सोपानदेव चौधरी या नावाने कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. ‘काव्यकेतकी’, ‘सोपानदेवी’ हे त्याचे काव्यसंग्रह. आईचे गाणे तो तान्हेपणापासून ऐकत होता. त्याने आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंच्या तोंडून जे ऐकायला मिळाले, त्यातील काही वेळोवेळी लिहून ठेवले. हे काम सोपे नव्हते. गाणे म्हणणारी बाई काम थांबवून लिहून देत नाही. तिची ओळ जात्याच्या घरघरीत येते आणि पिठाबरोबर पुढे सरकते. आज म्हटलेले उद्या तसेच म्हटले जाईल याची खात्री नसते. लिहिणाऱ्याचा कान जागा आणि हात चपळ असेल तेवढेच कागदावर उरते.

येथे एक कोडे उभे राहते. मुलगा स्वतः कवी, साहित्यवर्तुळात वावरणारा, कवितेची पारख असलेला, तरी आईची कविता तिच्या हयातीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली नाही. याचे कारण त्या काळाच्या वाङ्मयीन समजुतीत शोधावे लागते. मराठी कविता तेव्हा प्रमाणभाषेत, वृत्तांच्या चौकटीत, शहरी सुशिक्षितांच्या बैठकीत वावरत होती. बायकांच्या ओव्या म्हणजे लोकवाङ्मय, कोणा एका व्यक्तीची निर्मिती नव्हे, असा समज होता. शेतकरी घरातील निरक्षर आईच्या बोलीतील गाण्यांना सुशिक्षित मंडळी हसतील की काय, हा संकोच मुलाला वाटला असेल तर ते समजण्याजोगे आहे. आईच्या कष्टांची किंमत घर जाणते, तिच्या हातच्या चवीची आठवण काढते. तिच्या शब्दांकडे मात्र घराचे लक्ष जातेच असे नाही. ते रोजचे असतात आणि रोजच्या गोष्टीला मोल लावायची सवय नसते.

लिखित शब्दाचे महत्त्व खानदेशाला कळत नव्हते असे मुळीच नाही. धुळ्याला तर कागद जपण्याची मोठी परंपरा होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जुने दप्तर गोळा केले. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे त्यांचा संग्रह सांभाळू लागले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतील हस्तलिखिते मिळवून धुळ्यातच जतन केली. जुन्या रुमालांत बांधलेले, वाळवीने खाल्लेले, शाई उडालेले सारे कागद वाचवण्यासाठी ही माणसे झिजली. पण जे कागदावर कधी उतरलेच नव्हते, ते कोण आणि कोणत्या रुमालात बांधून ठेवणार? बायकांच्या तोंडचे हे दप्तर रोज पहाटे उघडत होते आणि उजाडताच मिटत होते.

तोंडचा शब्द टिपून ठेवल्याचे एक थोर उदाहरणही याच धुळ्यातले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि सोबतच्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. लिहिणारा नसता तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच विरले असते. तेथे बोलणारा विद्वान होता, ऐकणारे जाणकार होते आणि आपण काही मौल्यवान ऐकतो आहोत हे सर्वांना ठाऊक होते. चौधरी वाड्यात यांपैकी काहीच नव्हते. तरीही दोघांनी वही काढली, हे त्यांचे महाराष्ट्रावरील ऋण आहे.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात निवर्तल्या. वय एकाहत्तर. एका वृद्ध शेतकरी स्त्रीच्या जाण्याने गावाबाहेर फारशी हालचाल होण्याचे कारण नव्हते. आपण कवयित्री आहोत, आपले पुस्तक निघेल, असे त्यांच्या मनातही आले नसावे. त्यांच्या मागे राहिली मुले, घर आणि ती वही.

आई गेल्यानंतर सोपानदेवांनी काहीशा भीतभीतच ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे म्हणजे मराठी साहित्यातील दणदणीत व्यक्तिमत्त्व, विडंबनाने भल्याभल्या कवींना घाम फोडणारे. त्यांनी काही रचना वाचल्या आणि ते थक्क झाले. हे अस्सल सोने महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे हा अपराध ठरेल, असे त्यांनी सोपानदेवांना बजावले. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. पुस्तक आकाराने लहानच होते, पण त्याने मराठी वाचकाला हलवून सोडले. ज्या वाचकाने कधी जाते ओढले नव्हते त्यालाही त्यात आपली आजी बोलताना ऐकू आली.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, याच अत्र्यांनी ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. मूळ पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले होते. गुरुजी जन्माने कोकणातले, पण अमळनेरला शिक्षक म्हणून आले आणि खानदेशचेच झाले. दोन पाठोपाठच्या वर्षांत दोन मायमाउल्या अशा महाराष्ट्राच्या घराघरांत शिरल्या, आणि दोघींनाही वाट मिळाली ती मुलांच्या आठवणीतून. दोन्हींत फरक मात्र आहे. श्यामची आई आपल्याला दिसते ती मुलाच्या शब्दांत, त्याने आठवलेली, त्याच्या भक्तीने उजळलेली. सोपानची आई स्वतःच्या शब्दांत बोलते. मुलाने तिचे चरित्र रंगवले नाही, तिचे बोल जसेच्या तसे पुढे ठेवले. आईविषयी लिहिणारे पुष्कळ असतात, आईला बोलू देणारे थोडे.

त्यानंतरची वाटचाल सर्वपरिचित आहे. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात बहिणाबाईंची गाणी वसंत पवारांच्या संगीतातून आली आणि आकाशवाणीने ती खेड्यापाड्यांत पोहोचवली. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कवितांनी कायमचे स्थान मिळवले. १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील, म्हणजे सबंध जुन्या खानदेशातील पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आता या नावाचा ठसा असतो. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिचे नाव असे हजारो पदव्यांवर उमटते आहे.

हा गौरव उचितच आहे. पण गौरवाच्या झगमगाटात एक बोचरी गोष्ट विसरली जाते. बहिणाबाईंनी साठ वर्षे गाणी रचली असे धरले, तर छापील रूपात हाती आलेल्या कविता हा त्यांतील अगदी लहान वाटा असणार. पेरणीच्या धांदलीत सुचलेले, बाळंतिणीच्या खोलीत गुणगुणलेले, सोपान घरी नसताना म्हटलेले असे किती तरी हवेत विरून गेले. आणि ही झाली जिच्या घरात लिहिणारा मुलगा होता त्या एका बाईची गोष्ट. ज्यांच्या घरात वही नव्हती, किंवा वही होती पण ती आईच्या शब्दांसाठी उघडली गेली नाही, त्यांची मोजदाद कशी करणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या, तेव्हा एक लाखाहून अधिक ओव्या हाती लागल्या. तोपर्यंत विजेच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या होत्या आणि पहाटेची जाती थांबली होती. तरीही बायकांच्या आठवणीत एवढे धन शिल्लक होते. त्याआधीच्या शतकांत किती निसटले असेल याचा अंदाज यावरून बांधावा.

जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातील वस्तू आज जपून ठेवलेल्या आहेत. कधी काळी या घरातल्या घरोटाची घरघर हा त्यांच्या पहाटेचा आवाज होता. आता वाड्यात दळण दळले जात नाही. सहली येतात, शाळेची मुले ओळीने आत शिरतात, काही क्षण थबकतात आणि आपल्याला पाठ असलेली कविता म्हणू लागतात. त्यांपैकी कित्येकांच्या घरी अजून एखादी आजी असते, जिच्या तोंडी कुठे न छापलेली म्हण असते, गावच्या देवीचे गाणे असते, शेजारणीला चपखल बसणारा एखादा शब्द असतो. घरातील माणसे तिच्याकडे जेवण झाले का एवढेच विचारतात. सोपानदेव आणि पितांबर यांनी त्याहून थोडे अधिक केले. त्यांनी ऐकले आणि जवळ असलेल्या कागदावर लिहून ठेवले.